साठ टप आणि चार मंदा

आटपाट नगर वगैरे काही नाही, आपली सातपाटी. तिथे राहत होती हौसा नावाची एक म्हातारी, तिची निशा नावाची कॉम्प्युटरवाली नात आणि मंदा नावाच्या चार बायका. यातली म्हातारी म्हणजे मी. आणि घोळ घातला तोही मीच. आधीच कबूल करते, नाहीतर तुम्ही उगाच मंदांना दोष द्याल!

शाळेची पायरी मी चढले नाही. पण कुठल्या पावसाळ्यात कोणी माझं सूप नेलं आणि परत दिलं नाही, ते विचारा. तोंडपाठ!

आम्हा मच्छीवाल्या बायकांचा एक गट आहे. गटाचे साठ टप आहेत, झाकणाचे, बर्फ टिकवणारे. पहाटे न्यायचे, मासळी विकली की धुऊन शेडमध्ये परत ठेवायचे. कोणी नेला, कोणी दडवला, यावरून रोजचं भांडण. म्हणून निशानं आमच्यासाठी प्रोग्राम लिहिला. टपावर नंबराची चिठ्ठी, तिच्यावर फोन धरला की कुठला टप कोणाकडे, याची कॉम्प्युटरात नोंद. निशा बोईसरच्या एका कंपनीत तात्पुरती. तिचे साहेब हा प्रोग्राम बघायला थेट शेडवर येणार होते. चालला तर निशा कायम, नाहीतर महिनाअखेर घरी.

आदल्या संध्याकाळी पोरगी ओट्यावर डोकं धरून बसलेली.

"काय गो झालं?"

"आजी, नोंदी करताना दहा-बारा चुका झाल्या की प्रोग्राम गप्पच बसतो."

"रुसतो?"

"अगं, दर नोंदीला तो नोंदींच्या कोठाराचं एक दार उघडतो. दारं मोजकीच. काम नीट झालं तर लावतो, पण मधेच काही बिनसलं की उघडं टाकून निघून जातो. मग पुढच्यांना दारच मिळत नाही. असं समज, बायकांनी टप नेले आणि परत ठेवलेच नाहीत तर?"

"मागून येणाऱ्या शिमगा करतील!"

"तसंच. म्हणून दार उघडतानाच त्याला दोरी बांधायची असते. माणूस हसत बाहेर पडो की भांडत, दार आपोआप लागलं पाहिजे. मी तीन ठिकाणी दोरी बांधायला विसरले. आज रात्री बांधते."

दुसरी गाठ नावांची. निशानं प्रोग्रामच्या माथ्यावर दोन वस्त्यांना, म्हणजे नावं दिलेल्या कामांच्या दोन गठ्ठ्यांना, आमंत्रण दिलं होतं म्हणे. एक तिनं स्वतः लिहिलेली, एक बाहेरून आणलेली. आमंत्रण दिलं की तिथल्या सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची मुभा. पण दोन्ही वस्त्यांत एकाच नावाचं कोणी निघालं की कॉम्प्युटर अडतो. विचारतो, यातलं नक्की कोण?

मी हसले. "एवढंच? आपल्याकडं मंदा चार हायत. आमी बंदरावरची मंदा, देवळाजवळची मंदा असं म्हणतो."

"हां! वस्तीचं नाव लावून हाक मारायची." तिनं खटाखट तसं लिहिलं. आमच्या बायकांच्या यादीलाही तोच नियम लावून टाकला.

आता गप्प बसायचं की नाही मी? पण मला सगळं समजलं होतं ना, तीच पंचाईत!

सकाळी निशा साहेबांना आणायला बोईसरला गेली. मी चुलीजवळच्या टपातून दोन सुके बोंबील काढले, भाजले, भाकरीबरोबर खाल्ले. खाता खाता डोकं चाललं. टप बाहेर म्हणजे दारं उघडी! साहेबांसमोर प्रोग्राम गप्प बसला तर पोरीची नोकरी गेली. उठलेच मी.

"टप मोकळे करा गो! सगळे शेडवर!"

"हौसाबाय, मग मासळी काय पदरात ठेवू?"

"प्लास्टिकवर ओत. निशाच्या नोकरीचा सवाल हाय!"

निशाचं नाव ऐकून बायकांनी मुकाट्यानं टप रिकामे केले. पापलेटं उन्हात, बर्फाचं पाणी, वर कावळ्यांची सभा. शिरगाव नाक्यावर बसणाऱ्या मंदाचा टप आला नाही, एवढंच माझ्या ध्यानात आलं. मी एका रिक्षावाल्याला थांबवलं. "मंदाला सांग, टप घेऊन शेडवर ये."

"माताजी, कौनसी मंदा?"

"मंदा म्हणजे मंदा! सगळं गाव ओळखतं तिला."

बघा! कालच कॉम्प्युटरला अक्कल शिकवणारी मी!

त्यानं बिचाऱ्यानं कुठलीच मंदा सोडली नाही. चारही हजर. चौथी तर पालघरच्या बाजारातून, गिऱ्हाईकाची सुरमई अर्धी कापलेली टाकून आली. चौघींचे टप मी घेतले, धुतले, पालथे घातले. शेडला कुलूप, किल्ली कमरेला. मोजायला वेळ कुणाला?

तेवढ्यात निशा आणि साहेब आले. समोर बंद शेड आणि हात हलवत उभ्या बायका.

"आजी, टप कुठायत?"

"सगळे परत! एक दार उघडं नाय."

निशानं कुलूप ओढून पाहिलं. "अगं आजी, काम संपल्यावर परत करायचे! काम चालू असताना कोणी काढून घेतं का?"

साहेब मात्र हसले. "आमच्या ऑफिसात शिकलेली माणसंही हेच करतात. वस्तू वापरात असतानाच आवरून ठेवतात."

मग कुलूप काढलं. निशानं सगळे टप जमा करून घेतले आणि लगेच वाटायला काढले. बायकांची ही झुंबड! चार मंदा एकदम बोलायला लागल्या. नुसतं मंदा लिहिलं की कॉम्प्युटर विचारायचा, कुठली? वस्ती लावली की पुढे सरकायचा. देवळाजवळची तर नोंद अर्धी टाकून, "नको मला तुमचा टप!" म्हणत निघूनही गेली. दार तिच्यामागं आपोआप लागलं. प्रोग्राम एकदाही गप्प बसला नाही. गप्प बसल्या नाहीत त्या फक्त मंदा.

साहेबांनी विचारलं, "एकूण जमा किती झाले होते?"

"एकोणसाठ," निशा म्हणाली.

झालं! मी पदर खोचला. "चौघींपैकी कोणी दडवला गो? गटाचा माल हाय, लाज नाय वाटत?"

मंदा पेटल्या. निशा खाली बघायला लागली. साहेबांनी वाकून राहिलेल्या टपासमोरचं पडद्यावरचं नाव स्वतः वाचलं. मला आठवले चुलीजवळच्या टपातले बोंबील.

साहेब म्हणाले, "घरच्या माणसालाही सोडत नाही, तो प्रोग्राम खरा." महिना संपायच्या आत निशा कायम झाली. पेढे मी वाटले, चारही मंदांना आधी.

आणि हो, गावात मंदा चार असतील, हौसा एकच. माझं नाव दाखवताना कॉम्प्युटरनं एकदासुद्धा विचारलं नाही, कुठली म्हणून!