पडद्यावरची फुंकर

मी सुरतेत मृदू क्ष-किरणांवर काम करतो. त्यांचा झोत दुभागायला केसाहून कितीतरी पातळ पडदा लागतो. थोडा प्रकाश मोजायला वळवायचा, बाकीचा पुढे सोडायचा. वर्षभर वाट पाहिल्यावर पडदा आला. बसवताना त्यावर कसपट दिसलं आणि मी फुंकर मारली. सुरतेच्याच कोसाड भागात आमचं घर, घरचे सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे. कसपट दिसलं की आधी फुंकर, मग बाकीचं. पडदा फाटला. दुसरा मागायला तोंड उरलं नाही.

घरी वडिलांना सांगितलं. जन्मभर लूम चालवलेला, धागा तुटला की गाठ मारून पुढे जाणारा माणूस. जेवता जेवता म्हणाले, "तुटनं ना, मंग गाठ मारी दे."

मी हो म्हटलं. त्यांची फुंकर तेवढी माझ्यात उतरली. गाठ बसणारच नाही असलं काम मात्र मी स्वतःहून निवडलं.