उशीतलं गवत

मामा गाद्या भरतो. दुकानातल्या बल्बवर, घड्याळावर, त्याच्या भुवयांवर कायम कापसाची धूळ. कुणाच्या घरी गेला तरी आधी गादी दाबून बघणार, मग खुशाली विचारणार.

मामीनं टीव्हीवर पिका पाहिला होता. उंच डोंगरात राहणारा, मुठीएवढा, बिनशेपटीचा, सशाच्या नात्यातला प्राणी. तो तिला एकदा समोर बघायचा होता. पुढच्या वर्षी गुडघे चढू देतील याचा भरवसा नव्हता. म्हणून उन्हाळा सरता सरता आम्ही तिघं तंबू घेऊन निघालो आणि झाडं संपतात त्याच्याही वर गेलो.

दगडांच्या राशीशेजारी तंबू ठोकला. मामा कुठूनसं वाळलं गवत घेऊन आला. ओलं नाही, चुरा होणारं नाही, मधेमधे सुकलेली फुलं.

"असा माल बाजारात मिळत नाही," म्हणाला. सामानातून उशीची खोळ काढून त्यानं ती ठासून भरली. दाभण खिशात असतंच; टाके घातले. मामीला त्या उशीवर दुपारी गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा समोरच्या दगडावर पिका होता. तिनं माझा हात घट्ट धरला. पिका आमच्याकडे बघून किंचाळला, कपारीत शिरला, बाहेर आला, पुन्हा शिरला. मग लांब जाऊन तोंडात एक हिरवी काडी घेऊन आला आणि कपारीत ठेवून गेला.

मामीनं उशीकडे पाहिलं. "अहो, हे गवत कुठलं?"

"त्या... कपारीतलं."

"हिवाळ्यात खायला वाळवून ठेवतो तो! त्याचा अख्खा हिवाळा माझ्या डोक्याखाली घातलात की हो!"

मामानं उशी मांडीवर घेतली. स्वतःचे टाके त्यानं स्वतः उसवले. गवत हातानं मोकळं केलं, थरावर थर कपारीत रचलं. माणसाचा वास लागलेलं तो घेईल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही लांब बसलो. चहा गार झाला.

पिका आला. हुंगलं. एक काडी उपसली, उलटी फिरवून पुन्हा खोचली.

"तुमचं काम पसंत नाही त्याला," मामी कुजबुजली.

"कोपरे दाबतोय बघ," मामा म्हणाला. "कारागीर आहे."

त्या रात्री मामी स्वेटरच्या घडीवर झोपली. सकाळी मान धरली होती. ती तशीच वाकडी ठेवून ती दगडांकडे बघत बसली. मामा रिकामी खोळ उलटी करून एखादी काडी राहिली का, ते चाचपत होता.