साक्षीदार क्रमांक दोन

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला माझे शेजारी पुण्यात राहत्या घरी हृदयविकाराने वारले. वय एकोणसत्तर. त्यांचं नाव इथे देता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तक्रारदार मुलीची ओळख पटेल असं काही छापायला कायद्याची मनाई आहे, आणि ते तिचे वडील होते. न्यायालयाच्या कागदांत ते साक्षीदार क्रमांक दोन. मी त्यांना काका म्हणायचो.

मुलीच्या कार्यालयातल्या वरिष्ठाला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्याने उच्च न्यायालयात अपील केलं आणि त्यात मुख्य भर दिला तो काकांच्या एका उत्तरावर. घटना रात्री साडेआठची. आपण दहाला घरी पोचलो, असं मुलीने साक्षीत सांगितलं होतं. उलटतपासणीत काका म्हणाले, आठला. आठला ती घरी होती, तर साडेआठला कार्यालयात कशी, असा आरोपीच्या वकिलांचा सवाल होता.

मी बरीच वर्षं कोर्टाच्या बातम्या दिल्या, म्हणून काका कागद घेऊन माझ्याकडे आले. अपिलात आपल्याला पुन्हा बोलावतील, तेव्हा वेळ दुरुस्त करू, असं त्यांनी धरलं होतं. त्यासाठी नवा सदराही शिवून घेतला होता. मी सांगितलं, अपिलात साक्षी सहसा पुन्हा होत नाहीत. खालच्या कोर्टात जे नोंदलं गेलं, तेच न्यायमूर्ती वाचतात.

"म्हणजे तिला बघणारच नाहीत?"

"नाही."

"ती कुठे थांबली, कुठे रडली... ते?"

"कागदावर असेल तेवढंच."

"अहो पत्रकार, मंडईत आम्ही वांगंसुद्धा हातात धरल्याशिवाय घेत नाही."

आठ का म्हणालात, हे मी त्यांना तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, घड्याळ पाहिलं होतं. काही महिन्यांनी म्हणाले, "मी मित्राकडे पत्ते खेळत बसलो होतो. मुलगी तशी घरी आली आणि बाप घरात नव्हता, हे भर कोर्टात कसं सांगायचं? तोंडाला आली ती वेळ सांगितली." शेवटी, या उन्हाळ्यात... "आता मलाच नीट आठवत नाही." यातलं कोणतं खरं, ते मला ठरवता आलेलं नाही.

सुनावणीला आम्ही तिघं मुंबईला गेलो. आरोपीच्या वकिलांनी ते उत्तर वाचलं तेव्हा काका जागेवर उभे राहिले. सरकारी वकिलांनी हातानेच बसायची खूण केली. ते बसले. न्यायमूर्तींनी पान उलटलं.

परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या ‘आठ’मुळे तो सुटणार नाही."

"आणि सुटला तर?"

तिने त्यांच्या हातातले कागद घेऊन आपल्या पिशवीत ठेवले.

काका गेल्यावर सोळाव्या दिवशी निकाल लागला. शिक्षा कायम झाली. मुलीची साक्ष विश्वासार्ह आहे आणि तेवढ्या एका साक्षीवरही शिक्षा टिकते, असं निकालपत्रात म्हटलं आहे. वडिलांच्या उत्तराबद्दल एक वाक्य आहे: ते प्रत्यक्षदर्शी नसल्याने त्याचा वेगळा विचार करण्याची आवश्यकता नाही.