शालिनीच्या दारातली रांग

रविवार, सकाळी साडेआठ. निपाणी, शालिनीच्या आईचं घर. दारात तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाच्या काखेत फाईल. आणि ही रांग लावणारा मी, उभी हयात बातमीदारीत घालवलेला इसम! कशी लावली ते सांगतो. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

शालिनी आमच्या गल्लीतली. आई तंबाखूच्या वखारीत राबली, पोरगी बेळगावात बी.एस्सी. झाली, पुढं पुणं, मग परदेश, आणि आता बेंगळुरूला कॅन्सरवर संशोधन. विषयाचं नाव सिस्टिम्स बायोलॉजी. जागा खाईल म्हणून ते मी बातमीतून गाळलं.

सोमवारी तिचा सत्कार होता. आमच्या धंद्यात कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशीच तयार असते. 'मान्यवर उपस्थित होते' हे तर हात आपोआप लिहितो. तशीच ही शनिवारच्या अंकासाठी बसल्या जागी लिहिली, 'कॅन्सरतज्ज्ञ शालिनी गावी'. एक ओळ कमी पडत होती, म्हणून घातलं, 'रविवारी सकाळी आईच्या घरी रुग्ण तपासणार.' आता मला सांगा, औषधपाण्यातली चार बुकं शिकून गावी आलेलं माणूस आईच्या कट्ट्यावर पेशंट बघत नाही, असं कधी झालंय का? तिला फोन करून विचारायचं कशाला?

रांगेत सगळ्यात पुढं सदलग्याच्या पारूआक्का. तोंडातली जखम चार महिने भरत नव्हती, घास गिळवत नव्हता. पहिल्या बसनं आल्या होत्या. त्यांनी शालिनीसमोर आ वासला. शालिनी दोन पावलं मागं सरली.

"आक्का, मला तपासता येत न्हाय."

माझं डोकं फिरलं. कॅन्सरवर एवढं शिकली आणि गरिबाच्या तोंडात डोकावणार नाही? उद्याचा मथळासुद्धा मनात जुळला. पुढं होऊन मी खडसावलं, "मग इतकी वर्षं केलंस तरी काय?"

"काका, पोलीस फोनचे रेकॉर्ड काढतात न्हवं, कोण कुणाला लावत होतं ते बघायला? तसं कॅन्सरच्या पेशीत कोण कुणाला हुकूम सोडतंय, ते मी कॉम्प्युटरवर मांडते. एक तार तोडली तर बाकीचे काय करतील, ते बघते. एवढ्या वर्षांत पेशंट समोर आलाय तो आजच. तुमच्या कृपेनं."

"मग अण्णा, आमास्नी कशाला बलीवलंसा?" मागनं कुणीतरी म्हणालं आणि रांग खदखदली.

पारूआक्का हसल्या नाहीत. "मी म्हागारी जाऊ व्हय?" एवढंच त्यांनी विचारलं.

शालिनीनं बेळगावातल्या एका सर्जन मैत्रिणीला फोन लावला. तिनं आजच घेऊन या म्हणून सांगितलं. मी गाडीची किल्ली काढतोय तोवर शालिनी कट्ट्यावर बसून बाकीच्या फायली वाचायला लागली. पाचव्या फायलीशी थांबली. सगळ्यांत एकाच शिक्क्याची चिठ्ठी, 'मंगळवारच्या तपासणीस यावे.'

"ही मंगळवारची तपासणी कुठं असती?"

"सरकारी दवाखान्यात. सा मंगळवार गेलतो की," पारूआक्का म्हणाल्या. "खोलीला कुलूप. म्हणून तर हितं आलो."

मी तापलो. लोकांना असं फसवतं कोण? तपासणी सुरू झाली म्हणून सांगितलं कुणी तुम्हाला? नाव सांगा, उद्याच्या अंकात सोलून काढतो!

पारूआक्कांनी पिशवीतून घडी घातलेलं कात्रण काढलं आणि माझ्याच हातात दिलं. 'कर्करोग तपासणी केंद्राचे थाटात उद्घाटन. मान्यवर उपस्थित होते.' वर माझं नाव. बातमी अर्थातच आदल्या दिवशी लिहिलेली.

पारूआक्कांना मीच बेळगावला नेलं, त्यांचे उपचार चालू आहेत. त्या दिवसापासून तालुक्याला विचारलं, जिल्ह्याला विचारलं, लेखी अर्ज दिले. मधे एकदा ते केंद्र स्वतः जाऊन बघून आलो. कुलूप तसंच आहे, आणि किल्ली कुणाकडं आहे ते अजून एकानंही सांगितलेलं नाही.