मास्तरांचं झाकलेलं नाव

यू. जी. मास्तरांना गावातल्या दोनेकशे पोरांची नावं बापाच्या नावासकट पाठ होती, पण स्वतःचं नाव मात्र ते कोणाला सांगत नसत. "यू. जी. म्हणा ना, पुरे हाय," म्हणत आणि विषय बदलत. कागदोपत्री ते उत्तमराव होते. पण उत्तमराव म्हणून कोणी हाक मारली, की ओ द्यायला त्यांना अंमळ उशीरच होई. मी तेव्हा अकोल्याला नवी नवी वकिली करत होतो. मला वाटायचं, मास्तरांना कमी ऐकू येतं. आपल्याला माणसं ओळखता येतात, असा त्या दिवसांत माझा फार पक्का समज होता.

मूर्तिजापूरला उतरून छोट्या गाडीनं पुढं जावं लागे, अशा एका गावच्या म्युनिसिपल शाळेत ते हेडमास्तर होते. कमिटीचं नाव घेत नाही, कारण त्या मेंबरांचे नातू आता माझ्याकडे चहाला येतात. मास्तरांना एकच व्यसन होतं, हजेरीचं. सकाळी हजेरी, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा हजेरी, आणि जो गैरहजर असेल त्याच्या दारात संध्याकाळी मास्तर स्वतः हजर. "पोरगं दिसलं नाही, तं भाकर गोड लागत नाही मले," म्हणत.

कापसाच्या दिवसांत निम्मा वर्ग जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायचा. हा कारखाना कमिटीच्या प्रेसिडेंटांचा. मास्तर हजेरीबुक काखेत मारून जिनाच्या फाटकाशी जात आणि तिथं उभं राहून खणखणीत आवाजात नावं पुकारत. सवयच अशी, की नाव कानावर पडलं की पोरं कापसाच्या ढिगातून "हजर!" म्हणून ओरडत आणि तिथंच सापडत. मग मास्तरांच्या मागं रांगेनं शाळेत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा व्हायच्या आत मास्तरांची बदली झाली, ती थेट कोंडवाड्यावर. शेतात घुसलेली ढोरं आणून कोंडायची ती कमिटीची जागा.

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. धोतराला गोमूत्राचा वास येत होता. मी पुस्तकं चाळून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "मास्तर, बदली करणं हा कमिटीचा हक्क आहे. पगार तोच ठेवलाय. कोर्ट यात हात घालणार नाही." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टोपी डोक्यावर ठेवली. "मंग जातो बाप्पा. ढोराईलेबी एखादा हेडमास्तर पाहिजेच."

आणि खरोखरच त्यांनी कोंडवाड्याची शाळा केली. रोज सकाळी ढोरांची हजेरी होई, कोणाचा गोऱ्हा, कोणाची म्हैस, सगळं नावानिशी. दुपारनंतर चौथीची पोरं कोंडवाड्याच्या भिंतीवर ओळीनं बसत, आणि मास्तर आतून, बैलांच्या मधोमध उभे राहून त्यांना त्रैराशिक शिकवत. जिनात पोरं पुन्हा कमीच. प्रेसिडेंटांचा हा डाव म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. बदलीनं भागेना, तेव्हा दुसरा हुकूम निघाला: आपली पंचावन्न वर्षं पुरी झाली आहेत, सबब आपणांस सेवानिवृत्त करण्यात येत आहे.

मास्तर एक्कावन्न वर्षांचे होते. पण कमिटीनं वलगावच्या, म्हणजे त्यांच्या जन्मगावच्या, जन्माच्या रजिस्टरातून उतारा आणला होता. बापाचं नाव बरोबर, जात बरोबर, पुढं नुसतं "मुलगा". त्या काळी बारशाआधीच नोंद होई, म्हणून नाव नसे. त्या नोंदीप्रमाणे पंचावन्न भरत होती.

"हे मात्र कोर्टात नेता येईल," मी म्हणालो. "पण ही नोंद खोटी कशी म्हणायची?"

"खोटी नाही. खरीच हाय."

"मग?"

मास्तर उठून गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले, तेही तसेच गेले. मला राग आला. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाला लढायचं नसेल तर माझा वेळ कशाला घेता?"

त्यांनी टोपी काढून तिची घडी केली. मग म्हणाले, "साहेब, तो मी नाही. तो माहा मोठा भाऊ. आठ महिन्याचा झाला अन् गेला. त्याच्यामागून दोन बहिणी, त्याबी गेल्या. मंग मी झालो. मायनं मले उकिरड्यावर टाकलं. शेजारच्या माळणीनं उचललं, अन् मायनं सूपभर जवारी देऊन मले तिच्यापासून इकत घेतलं. टाकलेल्या लेकराले यम हात लावत नाही म्हणते ना. बापानं रजिस्टरात माही नोंदबी नाही केली. लेहलं का यम वाचते, म्हणे." मग ते अगदी हळू म्हणाले, "उकंडा. उकंडा हाय माहं नाव. शाळेत पोरं नाकाले धोतर लावत माह्यापाशी आले का. म्हणून नोकरीत उत्तम लेहलं."

काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो हा असा. वऱ्हाडात उकंडा, म्हणजे उकिरडा, हे नाव कोणाचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल: आधीची लेकरं गेल्यावर जो जगावा म्हणून नवस, त्याचं. थोरल्या मुलाला हे नाव कोण ठेवील? पण ते मास्तरांना स्वतःच्या तोंडानं, भर कोर्टात सांगावं लागणार होतं. मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"तिथं माहे पोरं येतील, साहेब."

"येतील."

"हसतील."

"हसतील कदाचित."

त्यांनी टोपीची घडी उलगडून ती डोक्यावर ठेवली. "चौथीचा वर्ग अर्धा राहिला माहा," ते म्हणाले. "करा अर्ज."

मी वलगावला गेलो. मृत्यूच्या रजिस्टरात आठ महिन्यांचा मुलगा सापडला. माळीणही सापडली, सोनाबाई, सत्तरी उलटलेली, मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसलेली. तिची स्वतःची लेक मास्तरांच्या आठ दिवस आधीची, आणि तिची नोंद मात्र रजिस्टरात होती; त्यावरून मास्तरांची एक्कावन्न वर्षं मोजता येत होती. "दोघाईले संगं पाजलं म्या," ती म्हणाली. "काहून, काय केलं त्यानं?"

खटल्याच्या दिवशी अकोल्याचं कोर्ट भरलं होतं. मास्तरांचे विद्यार्थी: टांगेवाले, कारकून, एक जमादार, दोन अडत्ये. मास्तर पिंजऱ्यात चढले आणि सवयीनं सगळ्यांवरून नजर फिरवून मनातल्या मनात हजेरी घेऊ लागले. मी नाव विचारलं.

"उकंडा गणूजी," मास्तर म्हणाले. मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. मास्तरांची मान खाली गेली. पुढची सगळी हकीकत त्यांनी खाली बघूनच सांगितली, आणि मला, त्यांच्या वकिलाला, त्यांना हे करायला लावल्याची लाज वाटली.

मग सोनाबाई आली. तिला नीट दिसत नव्हतं. समोरच्या वकिलांनी तिला दरडावून विचारलं, "ज्याला उचललं म्हणता, तो माणूस इथं आहे का?"

तिनं डोळ्यांवर हात धरून सगळीकडं पाहिलं आणि मळ्यातून हाक मारावी तशी हाक मारली, "उकंड्या! आत हायेस का रे? आवाज दे ना!"

उत्तमराव म्हटल्यावर उशिरा ओ देणारा तो माणूस ताडकन उभा राहिला.

"हजर!"

सारं कोर्ट हसलं. जज्जसाहेबांनी चष्मा काढून रुमाल तोंडाशी धरला. टांगेवाले हसले, अडत्ये हसले, आणि मास्तरही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ज्या हसण्याला ते जन्मभर भ्याले, ते हे नव्हतंच.

हुकूम रद्द झाला. कमिटीनं अपिलाची भाषा केली, पण तिच्याच वकिलांनी नको म्हणून सांगितलं. मास्तरांना पुन्हा कोंडवाड्यावर धाडायची प्रेसिडेंटांना छाती झाली नाही; गाव हसलं असतं, आणि ते हसणं वेगळं झालं असतं. चौथीचा वर्ग पुरा झाला.

खरी पंचावन्न भरली, त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या शाळेत गेलो. हारतुरे व्हायचे होते आणि मास्तर नेहमीसारखे रजिस्टर उघडून बसले होते. एक बाई लेकीला घेऊन आली. मुलीचं नाव विचारलं, तशी ती टेबलावर वाकून कुजबुजली, "धोंडी हाय जी. पण तुमी काहीतरी चांगलं लेहा. सुशीला लेहा."

मास्तरांनी दौतीत टाक बुडवला आणि सावकाश, वळणदार अक्षरात "धोंडी" लिहिलं.

"झाकू नको, बाई," ते म्हणाले. "येळ आली का हेच नाव साक्षीले येते."

खाली त्यांनी हेडमास्तर म्हणून शेवटची सही केली. पूर्ण नावाची.