सुभेदारांच्या दारासमोरचा खांब

विषय : सुभेदार बाबुराव यांच्या नवीन घराच्या दारासमोरील विजेचा खांब बाजूस हलविणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे मित्र, म्हणजे मी, यांनी केलेला चुंबकाचा अभ्यास.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, खांब मुळीच हललेला नाही. तो पहिल्यापासून होता तिथंच आहे. दार त्याच्यासमोर आलं, आणि ते मी आणलं. बसा, चहा ठेवलाय. कप रिकामा होईपर्यंत माझी अब्रूही संपेल.

माझी सगळी नोकरी कडेगावला तालुक्याच्या कचेरीत गेली. निवृत्त झालो आणि पलूसजवळच्या आमच्या गावी येऊन बसलो. मुलगा-सून रोज सांगलीला कामावर जातात, म्हणून नात तनूचा अभ्यास माझ्याकडं आला. पोरगी सातवीत. धडा निघाला विजेचा आणि चुंबकाचा.

मी विज्ञान शाळेत सोडलं ते सोडलंच होतं. पण कारकुनाला कुठलाही विषय द्या, तो दोन दिवसांत त्यावर टिपणी लिहील. मी तिला म्हटलं, ''परिपथ म्हणजे काय? फाईल एका टेबलावरून निघते आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन त्याच टेबलावर परत येते. मध्ये एक जण रजेवर असला, की परिपथ खंडित. दिवा लागत नाही.''

''आणि रोध?''

''साहेब.''

''मग विद्युत घट?''

''ज्याचं काम अडलंय तो माणूस. तो मागून ढकलतोय तोवर धारा वाहते. तो दमला की सेल संपला.''

''आबा, मग स्विच कोण?''

''शिपाई,'' मी म्हटलं. यावर शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

सांगा, कुठल्या शिकवणीत असं समजावतात? चाचणीत पोरीला पैकीच्या पैकी मिळाले. मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. देवळाच्या कट्ट्यावर दोनदा सांगितला.

मग चुंबक. त्यासाठी मी सांगलीहून एक होकायंत्र आणलं. त्यातली सुई म्हणजेच एक छोटं चुंबक, पृथ्वी म्हणजे मोठं चुंबक, म्हणून सुई उत्तर-दक्षिण राहते. मात्र जवळ दुसरं चुंबक आलं किंवा शेजारच्या तारेतून धारा वाहिली, की सुई विचलित होते. हे शेवटचं वाक्य मी तनूकडून पाठ करून घेतलं. तुम्हीही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

होकायंत्र हातात आलं आणि मला वाटलं, पुस्तकी ज्ञानाचा गावाला उपयोग झाला पाहिजे. आमच्याकडं दक्षिणेला पाय करून कोणी झोपत नाही, ती यमाची दिशा. पण उत्तर-दक्षिण नक्की कुठं, हे कधी कोणी तपासलं होतं का? मी तपासलं. पहिली माझीच खाट चुकीची निघाली. मग शेजाऱ्याची. मग अख्ख्या गल्लीची. दर घरात उत्तर जरा वेगळीच निघायची. यावरून शहाण्या माणसानं यंत्रावर संशय घेतला असता. मी निष्कर्ष काढला, की बांधताना प्रत्येक घर वेगळ्या प्रकारे चुकलंय.

गल्लीनं खाटा फिरवल्या. एका म्हातारीला आठवड्यात शांत झोप लागायला लागली. झालं, माझं नाव कडेगावपर्यंत गेलं.

तेवढ्यात सुभेदारांचं नवीन घर बांधायला निघालं. बाबुराव फौजेतून निवृत्त झालेले, माझे बालमित्र, बोलायला मोजके. त्यांच्या मिसेस, शालन वहिनी, यांचा एकच हट्ट : दार बरोबर पूर्वेला पाहिजे, एक बोटभरसुद्धा इकडं-तिकडं नको. आयुष्यभर बदलीच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या बाईचं ते पहिलं स्वतःचं दार. जोतं तयार होतं, आता त्यावर चौकट उभी करून पूजा करायची आणि मग भिंती घ्यायच्या. चौकटीची दिशा ठरवायचा मान माझा.

मी जोत्यावर उभा राहिलो. होकायंत्र काढलं. सपाट धरायचं म्हणून खाली आधार घेतला, कारण हाताखाली फाईल असल्याशिवाय मला कुठलीच नोंद घेता येत नाही. हल्ली माझी फाईल म्हणजे माझा मोबाइल. त्याला मी मुद्दाम फाईलसारखं उघडणारं कव्हर घेतलंय. बंद केलं की कडेचा पट्टा आपोआप टप्पकन चिकटतो. फार सुबक कव्हर.

''हणमंता,'' मी गवंड्याला म्हटलं, ''तुझी दोरी चुकली. चौकट हातभर फिरव.''

हणमंता डोकं खाजवत म्हणाला, ''भाऊसाहेब, पर सूर्य तर हिकडनं उगवतोय की.''

''सूर्याचं काय सांगतोस? उत्तरायण, दक्षिणायन. तो वर्षभर जागा बदलतो. सुई बदलत नाही.''

''व्हय, त्येबी खरंच,'' हणमंता म्हणाला. आयुष्यात सूर्याला खोटं पाडायचा योग एकदाच येतो. मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा त्याच जागी, त्याच पवित्र्यात, त्याच मोबाइलवर. तिन्ही वेळा उत्तर तीच. मी सुभेदारांकडं पाहिलं. ते मिशीवरून बोट फिरवत होते.

''आवं, बघताय काय?'' वहिनी त्यांना म्हणाल्या. ''भावजी म्हणत्यात तसं हुंदे.''

चौकट फिरली. हळदी-कुंकू झालं, नारळ फुटला, मला टॉवेल-टोपीचा आहेर झाला. टोपी डोक्यावर ठेवूनच मी घरी आलो, कारण रस्त्यात लोक भेटतात.

घरी तनू प्रयोग मांडून बसली होती. खिळ्यावर तार गुंडाळलेली, शेजारी सेल. ''आबा, होकायंत्र द्या. तारेतून धारा सोडली की सुई हलते ते बघायचंय.''

मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि वर होकायंत्र ठेवलं.

''आबा, मी अजून तार जोडलीच नाही. तरी सुई तिरकी.''

''ती तिरकी नाही. आपलं घर तिरकं आहे. मी तपासलंय.''

पोरीनं मोबाइल हळूच फिरवला. सुई त्याच्याबरोबर फिरली. उलटा फिरवला, सुई उलटी फिरली. मग तिनं होकायंत्र उचलून लांब फरशीवर ठेवलं. सुई सावकाश वळली आणि थांबली. जिकडं आमचे पूर्वज उत्तर म्हणत आले, बरोबर तिकडं.

''कव्हरच्या पट्ट्यात चुंबक आहे,'' तनू म्हणाली. आणि मग मीच घोटून घेतलेलं वाक्य तिनं एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं.

मी टोपी काढली.

तसाच सुभेदारांकडं गेलो. ते जोत्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

''म्हायीत हाय मला,'' ते म्हणाले. ''फौजेत पहिल्या दिवशी शिकिवत्यात, होकायंत्र बघताना अंगावरचं लोखंड लांब ठेवा म्हणून.''

''मग बोलला का नाहीत?''

''भाऊसाहेब, लगीन झाल्यापास्नं हिनं आज पहिल्यांदा कुणाचं तरी एका झटक्यात ऐकलं. मोडू वाटंना.''

वहिनी मागून चहा घेऊन आल्या. त्यांनी ऐकलं होतं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, ''वहिनी, उद्या हणमंताला सांगून सरळ करून घेऊ. माझी चूक.''

''न्हाई भावजी. पुजलेली चौकट हलवत न्हाईत.'' मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ''आन् खरं सांगू? पयल्या मापानं दार थेट जाऊबाईच्या दारात बघत हुतं. मला तवाच नकू वाटत हुतं, पर शास्त्रापुढं बोलायचं कसं? आता कसं, माझ्या दारात माझाच उजेड.''

मला वाटलं सुटलो. तेवढ्यात त्यांनी चौकटीतून बाहेर बोट दाखवलं.

''फकस्त त्यो खांब तेवढा हलवा.''

मी पाहिलं. उंबऱ्याच्या बरोबर समोर, जणू ओळंबा लावून, विजेचा खांब. दारासमोर खांब म्हणजे द्वारवेध. एक दोष काढायला गेलो आणि शास्त्राच्या पुस्तकात त्याहून ठळक छापलेला दोष बसवून आलो.

आता मात्र काम माझ्या टेबलाचं होतं. खांब हलवण्याचा असा अर्ज लिहिला, की तो वाचून खांबानं स्वतःहून बाजूला व्हावं. वीज कचेरीतून आठवड्यातच त्रुटीचं पत्र आलं : 'खांब आधीचा आहे की दार, याचा खुलासा करावा. तसेच जागेचा नकाशा जोडून त्यात उत्तर दिशा बाणाने दर्शवावी.'

तिथला कारकून तयारीचा आहे. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. वाचून मला धंद्याचा अभिमान वाटला.

खुलासा मी मोघम लिहिला. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग नकाशा घेतला, पेन उघडलं. शेजारी बसलेल्या सुभेदारांनी ते माझ्या बोटांतून अलगद काढून घेतलं.

''भाऊसाहेब, मजकूर तुमी लिवा. बाण पोरगी काढंल.''

तनूनं आधी माझा मोबाइल स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मग जोत्यावर जाऊन होकायंत्र लावलं आणि बाण काढला. बाणाखाली तिनं बारीक अक्षरात लिहिलं, 'चुंबक लांब ठेवून पडताळले.' असा शेरा मला सगळ्या नोकरीत सुचला नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे, हे मी कट्ट्यावर सांगितलं. त्यावर हणमंता म्हणाला, ''कुठल्या दिशेनं, भाऊसाहेब?''

घर बांधून झालं. सुभेदार, वहिनी आणि येणारा पाहुणा खांबाला वळसा घालून आत जातात. मीही जातो. त्रुटीची पूर्तता करून अर्ज पुन्हा सादर केला आहे. खांब जागेवर आहे. अर्ज प्रलंबित आहे.