वन्सं आणि हिरवी ओढणी

माझ्या थोरल्या नणंदेने डोक्यावर कापड धरून पाहिल्याशिवाय आमच्या नात्यातली एकही मुलगी बोहल्यावर चढली नाही. साडी कोणीही घ्यावी. वरचा शेला किंवा ओढणी वन्संच निवडणार. रावपुऱ्याच्या कापडबाजारातले दुकानदार त्यांना लांबून येताना बघूनच उसासा टाकत. दुकानातल्या उजेडावर वन्संचा विश्वास नव्हता. "ट्यूबलाइटखाली गाढवसुद्धा गुलाबी दिसतं," म्हणत त्या साडी, ओढणी आणि नवरीला घेऊन भर रस्त्यात उन्हात उभ्या राहत. स्कूटरवाले हॉर्न वाजवून दमत, वन्सं हलत नसत. साडीच्याच रंगाची ओढणी त्यांना खपत नसे. "गादीला अभ्रा शोधतेस का?" रंग काठातूनच उचलायचा. मग नवरीने वाकून दाखवायचं आणि शेवटी शिंकायचं. शिंकेने घसरली ती ओढणी बाद. एका भाचीला शिंक येईना, तेव्हा वन्संनी पिशवीतून तपकिरीची डबी काढली होती.

माझ्या मुलीचं लग्न डभोईच्या गुजराती घरात ठरलं. त्यांच्यात नवरीचं डोकं ओढणीने झाकलेलं लागतं. साडी लाल, काठ गडद हिरवा. मुलीला तशीच हिरवी ओढणी सापडली आणि तिचा चेहरा असा खुलला की मी मनात म्हटलं, सुटलो. वन्संनी ती उन्हात नेली, डोळ्यांजवळ धरली आणि माझ्या अंगावर टाकली.

"लग्नात काळी ओढणी? अक्कल कुठे ठेवलीत सगळ्यांनी?"

"बा, आ तो लीलो रंग छे!" दुकानदार म्हणाला. "हिरवा, हिरवा!"

"मला रंग शिकवू नका." वन्संनी साडीचा काठ उचलला. बराच वेळ पाहिला. मग हळूच विचारलं, "आणि हा? हाही हिरवाच?"

मी फटकळ बाई. 'डोळे दाखवा एकदा' हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आत्या, रंग राहू दे. घसरते का ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

वन्संनी कापड बोटांत चोळलं, तिच्या डोक्यावर घातलं, तिला वाकवलं. "शिंक." मुलगी अशी शिंकली की दुकानदार मागे सरला. ओढणी जागची हलली नाही.

"हीच घ्या," वन्सं म्हणाल्या. परतताना रिक्षात मात्र मला म्हणाल्या, "रंग तू नीट बघितलास ना?" मला विचारून काही करायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"हिरवी आहे, वन्सं. चांगली हिरवी आहे."

लग्न उरकल्यावर मीच त्यांना डॉक्टरकडे ओढत नेलं. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी आधी लग्नाचा फोटो मागितला. "काठापेक्षा जरा फिकीच आहे," म्हणाल्या. "मला दिसत असतं तर घेऊ दिली नसती."

वन्संना जाऊन बरीच वर्षं झाली. मी काही रडणारी नव्हे. परवा नातीसाठी ओढणी घ्यायला गेलो. दुकानात चारी बाजूंनी आरसे, दिवे. तिने एक पसंत केली. मी ती उचलली, तिचा हात धरला आणि रस्त्यात उन्हात जाऊन उभी राहिले. मागे हॉर्न वाजू लागले.

"आजी, बाजूला हो ना!"

मी हलले नाही. म्हटलं, "आधी शिंक."